शंखाचे गणित मांडणारा प्राध्यापक : सर डार्सी थॉम्सन (१८६०–१९४८)

सौराष्ट्राच्या टोकाशी असलेले ओखामंडळ एके काळी बडोदे संस्थानात मोडत असे. तेथील समुद्रातील जीवांची शास्त्रीय पाहणी बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करवून घेतली, आणि त्या पाहणीचा अहवाल १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या किनाऱ्यावरचे शंख-शिंपले आजही वडोदऱ्याच्या बाजारात आणि घराघरांतील कपाटांत दिसतात. गोव्याकडील जुन्या घरांच्या खिडक्यांना तर काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, दुधी तुकडे बसवलेले असत. शंख आपल्या इतक्या ओळखीचा आहे की, तो असाच का वळतो, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. ज्या मनुष्याला हा प्रश्न पडला आणि ज्याने त्याच्या उत्तरासाठी आयुष्याची अनेक वर्षे घातली, त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. त्याचे नाव सर डार्सी वेंटवर्थ थॉम्सन.

बालपण व शिक्षण

डार्सी यांचा जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी २ मे १८६० रोजी झाला. जन्मानंतर काही दिवसांतच त्यांची आई वारली. वडील शाळेत ग्रीक व लॅटिन शिकवीत. पुढे त्यांना आयर्लंडमधील गॉलवे येथील कॉलेजात ग्रीकचे प्राध्यापकपद मिळाले आणि ते तिकडे गेले. आईविना वाढणारे हे बाळ एडिंबरोतच आईच्या माहेरी राहिले. आजोबा जोसेफ गॅमजी हे पशुवैद्य होते. आजोळच्या माणसांनी त्याला प्रेमाने वाढवले.

या दोन घरांचे दोन वारसे त्या मुलाला मिळाले. वडिलांकडून ग्रीक भाषेची गोडी आली, आणि आजोळाकडून प्राण्यांच्या हाडा-सांध्यांकडे बारकाईने पाहण्याची सवय लागली. एका मुलाच्या ठायी या दोन गोष्टी क्वचितच एकत्र येतात. पुढे एका हाताने ऍरिस्टॉटलच्या प्राणिशास्त्राचे इंग्रजी भाषांतर करणारा आणि दुसऱ्या हाताने शंख मोजणारा प्राध्यापक घडला, त्याची मुळे ह्या आजोळच्या घरात आहेत.

शालेय शिक्षण आटोपून डार्सी एडिंबरो विद्यापीठात वैद्यकी शिकू लागले. परंतु मन प्राणिशास्त्राकडे ओढ घेत होते. दोन वर्षांनी ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि १८८३ मध्ये पदवीधर झाले. विद्यार्थी असतानाच त्यांनी फुलांचे परागीकरण या विषयावरील हर्मन म्यूलर यांच्या जर्मन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. त्याला खुद्द चार्ल्स डार्विन यांनी प्रस्तावना लिहून दिली. तरुण भाषांतरकाराला याहून मोठा आशीर्वाद कोणता मिळणार?

डंडी येथील बत्तीस वर्षे

१८८४ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, डंडी येथील नव्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले. डंडी हे तागाच्या गिरण्यांचे शहर. आपल्या बंगालचा ताग बोटींतून तेथे जाई आणि त्याची पोती विणली जात. गिरणी कामगारांच्या वस्त्यांत दारिद्र्य, रोगराई आणि बालमृत्यू यांचे थैमान होते. कॉलेजातील काही प्राध्यापकांनी १८८८ मध्ये डंडी सोशल युनियन नावाची संस्था काढून कामगारांची घरे सुधारण्याचे काम हाती घेतले. थॉम्सन त्या संस्थापकांपैकी होते. त्यांचे एक सहकारी पॅट्रिक गेडिस हे तेथेच वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. हेच गेडिस पुढे हिंदुस्थानात आले. १९१६ मध्ये त्यांनी बडोदे शहराच्या वाढीविषयी अहवाल लिहिला, आणि १९१९ पासून काही वर्षे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

डंडीहून देवमाशांच्या शिकारीची जहाजे उत्तरेकडील बर्फाळ समुद्रात जात. थॉम्सन यांनी त्या खलाशांशी मैत्री केली आणि त्यांच्याकडून नाना प्रकारचे प्राणी, सांगाडे व कवच्या मिळवून कॉलेजात मोठे संग्रहालय उभे केले. त्यांच्या नावाचे प्राणिसंग्रहालय डंडी विद्यापीठात आजही आहे.

१८९६ आणि १८९७ साली सरकारने त्यांना बेरिंगच्या समुद्रात पाठवले. तेथील केसाळ सीलच्या बेसुमार शिकारीवरून ब्रिटन व अमेरिका यांच्यात तंटा चालू होता. थॉम्सन यांनी बेटांवर जाऊन जातीने पाहणी केली. १९११ मध्ये अमेरिका, ब्रिटन, जपान व रशिया यांच्यात ह्या प्राण्याच्या रक्षणाचा करार झाला. मत्स्यव्यवसाय मंडळाचे कामही ते अनेक वर्षे करीत होते. १९०१ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुली झाल्या.

हे सर्व वाचून वाटेल की, त्यांचे जीवन यशाची पायरी चढत गेले. तसे नव्हते. मोठ्या विद्यापीठांत जागा निघाल्या तेव्हा त्यांनी अर्ज केले, पण त्यांची निवड झाली नाही. त्या काळचे प्राणिशास्त्रज्ञ प्राण्यांच्या वंशावळी मांडण्यात गुंतले होते. ह्या प्राध्यापकाला मात्र वेगळाच नाद लागला होता. पाण्याचा थेंब गोल का, मधमाशीच्या पोळ्यातील घर सहा कोनांचे का, शंख एका ठरावीक वळणाने का वळतो, असे प्रश्न त्यांच्या मनात घोळत. असे प्रश्न विचारणाऱ्याला त्या काळी फारसे वजन नव्हते.

शंखाचे वळण

हे वळण काय आहे, ते आपण नीट समजून घेऊ. डास पळवण्यासाठी आपण जी वेटोळ्याची उदबत्ती लावतो, तिच्या प्रत्येक वेढ्याची रुंदी सारखीच असते. जमिनीवर गुंडाळून ठेवलेल्या दोरखंडाचेही तसेच. शंखाचे तसे नाही. त्याचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यापेक्षा ठरावीक पटीने मोठा असतो. म्हणून लहान शंख आणि मोठा शंख यांचा आकार एकच, फक्त माप वेगळे. गणितात ह्या वळणाला लघुगणकीय सर्पिल म्हणतात. १६३८ मध्ये देकार्त यांनी ते प्रथम ओळखले. याकोब बर्नुली या गणित्याला ते इतके आवडले की, ते आपल्या थडग्यावर कोरावे अशी त्याने इच्छा व्यक्त केली. पाथरवटाने मात्र चुकून दोरखंडासारखे सारख्या रुंदीचे वेटोळे कोरले!

शंखात हे वळण खरोखर आहे, हे मोजून दाखवणारा मनुष्य चर्चचा पाळक होता, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. रेव्ह. हेन्री मोझली हे इंग्लंडच्या चर्चचे दीक्षित सेवक आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक होते. पुढे ते ब्रिस्टल येथील कॅथेड्रलचे कॅनन झाले. १८३८ मध्ये त्यांनी शंखांचे वेढे एकेक करून मोजले आणि त्यांतील प्रमाण कायम राहते हे सिद्ध केले. त्यांचा मुलगा ‘चॅलेंजर’ या प्रसिद्ध जहाजावरून समुद्रसंशोधनास गेला. त्यांचा नातू हेन्री मोझली याने १९१३ मध्ये मूलद्रव्यांचा अणुक्रमांक क्ष-किरणांच्या साहाय्याने पक्का केला, आणि तो १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. आजोबांनी मोजलेल्या त्याच शंखांचा पाया घेऊन थॉम्सन यांनी पुढची इमारत रचली.

थॉम्सन यांनी विचारले की, शंखातील गोगलगाईला गणित येत नाही, तर मग हे वळण येते कोठून? त्याचे उत्तर साधे आहे. आपल्या मुलांचे हात, पाय, डोके सर्वच वाढत असते, आणि वाढताना त्यांची प्रमाणे बदलतात. शंखाचा जुना भाग मात्र वाढत नाही. तो प्राणी फक्त तोंडाच्या कडेवर नवा थर चढवतो. कडेच्या एका बाजूस थर जाड, दुसऱ्या बाजूस पातळ, आणि दोहोंचे प्रमाण कायम, एवढे झाले की शंख आपोआप वळत जातो आणि आकार बदलत नाही. शंखाच्या टोकाशी त्या प्राण्याचे बालपण जसेच्या तसे शिल्लक असते. वाढीचा एक साधा नियम पिढ्यान्पिढ्या पाळला जातो आणि त्यातून हे सौंदर्य निर्माण होते.

चुना आणि शिंपला

शंख ज्या पदार्थाचा बनतो, त्याकडेही त्यांनी लक्ष दिले. शंखाचा बहुतेक भाग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खडू, चुनखडी आणि संगमरवर यांतही हेच द्रव्य. नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आपल्या बांधवांना ते वेगळ्या रूपात ठाऊक आहे. बॉयलरच्या नळ्यांत क्षारांचा जो कडक थर बसतो, त्यात पुष्कळदा हेच द्रव्य असते. एका ठिकाणी ते नळी बुजवणारी डोकेदुखी आणि दुसऱ्या ठिकाणी मोत्याची झळाळी, असा फरक कशामुळे?

रासायनिक कारखान्यात ज्यांनी स्फटिक काढले आहेत, त्यांना उत्तराचा अंदाज येईल. द्रावण भरभर थंड केले तर बारीक भुकटी पडते. सावकाश थंड केले तर मोठे, सुरेख स्फटिक मिळतात. दुसऱ्या एखाद्या द्रव्याचा अंश मिसळला, तरी स्फटिकाचे रूप पालटते. बॉयलरच्या पाण्यात थोडेसे औषध टाकून क्षार बसणे थांबवतात, तेही याच तत्त्वावर. एकोणिसाव्या शतकात रेनी आणि हार्टिंग या संशोधकांनी डिंक, अंड्याचा बलक नसलेला पांढरा भाग अशा चिकट द्रव्यांत चुन्याचे क्षार अगदी सावकाश जमू दिले. तेव्हा टोकदार स्फटिकांऐवजी गोल, थराथरांचे दाणे तयार झाले. प्राण्यांच्या शरीरात सापडतात तसे. थॉम्सन यांनी हे प्रयोग आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. सजीवाच्या शरीरातील खनिजही रसायनाचे नियम पाळते. सजीव त्या नियमांना जागा, वेळ आणि सोबत पुरवतो, असे त्यांना दाखवायचे होते.

पुढील संशोधनाने या मुद्द्याला बळकटी आली. शिंपल्याच्या आतील झळाळणाऱ्या थरात कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिसूक्ष्म चपट्या विटा एकावर एक रचलेल्या असतात, आणि त्यांच्यामध्ये सेंद्रिय द्रव्याचा पातळ गिलावा असतो. नुसता खडू चिमटीत मोडतो. त्याच द्रव्याची ही भिंत मात्र सहजी तडकत नाही. भेग एका विटेशी येते आणि गिलाव्यात अडखळते. थोडासा गिलावा सर्व भिंतीला बळ देतो. मंडळी चालवणाऱ्यांनी याचा विचार करण्याजोगा आहे.

महान ग्रंथ

हे सर्व विचार थॉम्सन यांनी ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ म्हणजे ‘वाढ आणि आकार’ या ग्रंथात एकत्र केले. ग्रंथ पहिल्या महायुद्धामुळे रखडला आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ७९३ पानांचा हा ग्रंथ. प्रती फक्त ५०० छापल्या होत्या. लेखकाचे वय तेव्हा ५७ वर्षांचे होते. त्यात गिधाडाच्या पंखातील हाडाची तुलना पुलाच्या कैचीशी केली आहे. एका जातीचा मासा चौकटीच्या कागदावर काढून ती चौकट ताणली की दुसऱ्या जातीचा मासा कसा दिसू लागतो, हेही चित्रांनी दाखवले आहे. त्याच वर्षी ते सेंट अँड्र्यूज विद्यापीठात गेले आणि शेवटपर्यंत तेथेच राहिले. डंडीची बत्तीस वर्षे धरून चौसष्ट वर्षे ते प्राध्यापक होते. खांद्यावर पोपट घेऊन रस्त्याने चालणारे धिप्पाड, दाढीवाले म्हातारे प्रोफेसर अशी गावात त्यांची ओळख होती.

१९३७ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ मध्ये, ८२ वर्षांच्या ह्या वृद्धाने ग्रंथाची दुसरी, १,११६ पानांची आवृत्ती काढली. जानेवारी १९४७ मध्ये ते भारतात आले. दिल्लीला इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन होते आणि अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू होते. तेव्हा थॉम्सन यांना सत्त्याऐंशीवे वर्ष चालू होते. परतल्यावर त्यांची प्रकृती ढासळली आणि २१ जून १९४८ रोजी सेंट अँड्र्यूज येथे त्यांनी देह ठेवला.

संगणकाच्या पडद्यावर शंख

थॉम्सन यांच्याजवळ कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी एवढीच साधने होती. त्यांच्या मृत्यूनंतर संगणक आला आणि त्यांच्या विचाराला जणू हातपाय फुटले. ऍलन ट्युरिंग या इंग्रज गणित्याने १९५२ मध्ये सजीवांचे आकार व ठिपके-पट्टे रसायनांच्या परस्पर क्रियेतून कसे उमटत असतील, याची समीकरणे मांडली आणि त्यांचे हिशेब मँचेस्टरच्या संगणकावर केले. त्यांच्या त्या निबंधात थॉम्सन यांच्या ग्रंथाचा आधार नोंदवलेला आहे. हान्स माइनहार्ट या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच वाटेने जाऊन शंखांवरील नक्षी संगणकावर काढून दाखवली; त्यांचे पुस्तक १९९५ मध्ये निघाले.

अमेरिकेचे डेव्हिड राउप यांनी १९६० नंतरच्या दशकात शंखाचा आकार संगणकाला शिकवला. त्यांनी चारच गोष्टी विचारल्या : एका वेढ्यात तोंड किती पटीने मोठे होते, ते मधल्या अक्षापासून किती दूर असते, फिरताना ते अक्षाच्या दिशेने किती सरकते, आणि तोंडाचा आकार कसा आहे. ही माहिती दिली की पडद्यावर शंख उमटे. आकडे बदलले की गोगलगाय, शिंपली किंवा नॉटिलस दिसे. नवल असे की, गणिताने शक्य असलेले पुष्कळ आकार निसर्गात आढळतच नाहीत. जे नाही ते का नाही, हाही प्रश्न शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला.

अलीकडे संशोधक शंखाच्या खनिज थरांचीही गणिती प्रतिकृती करतात. भूमध्य समुद्रातील पिन्ना नोबिलिस ह्या मोठ्या शिंपल्याच्या बाहेरील थरात खनिजाचे उभे खांब असतात. वाढता वाढता काही खांब शेजाऱ्यांना गिळून जाड होतात. धातू तापवला असता त्यातील कण ज्या नियमाने मोठे होतात, त्याच नियमाने हे खांब वाढतात, असे २०१४ मध्ये दाखवण्यात आले. थॉम्सन हयात असते तर त्यांना ह्यात मोठा आनंद वाटला असता.

त्यांच्या मर्यादा

थोर मनुष्याचे चरित्र सांगताना त्याच्या उणिवा झाकू नयेत. थॉम्सन यांनी भौतिक शक्तींना इतके महत्त्व दिले की, आनुवंशिकतेकडे त्यांचे जवळजवळ दुर्लक्ष झाले. नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाविषयीही ते साशंक राहिले. कोणत्या ठिकाणी कोणते प्रथिन तयार व्हावे, हे जनुके ठरवतात. त्यानंतर खनिज कसे जमावे, हे रसायन ठरवते. दोन्ही मिळून शंख बनतो, असे आज मानले जाते. अर्धी गोष्ट सांगणाऱ्याची अर्धी गोष्ट खरी असू शकते. थॉम्सन यांची तशी होती.

आपल्यासाठी बोध

वाचकहो, नियम सापडला की निर्माणकर्त्याचे आश्चर्य कमी होते, असे काही भाविकांना वाटते. रेव्ह. मोझली यांना तसे वाटले नाही. त्यांनी उपदेशपीठही सांभाळले आणि शंखही मोजला. शलमोन राजाच्या ज्ञानाची थोरवी सांगताना शास्त्र त्याच्या झाडांच्या व प्राण्यांच्या ज्ञानाचा आवर्जून उल्लेख करते, हे आपण विसरू नये. ज्या गोष्टीचे कारण कळले नाही तेवढ्यावरच आपल्या विश्वासाने उभे राहावे, असे नाही. उद्या कारण कळले तर मुलांच्या विश्वासाचे काय होईल?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. नॉटिलसचे चित्र दाखवून त्यात सुवर्ण गुणोत्तराचे वळण आहे आणि तेच देवाच्या रचनेचे चिन्ह आहे, असे मुलांना सांगण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ते खरे नाही. सुवर्ण गुणोत्तराचे सर्पिल एका वेढ्यात सुमारे ६.८५ पट वाढते. नॉटिलसचा वेढा साधारण ३ पट वाढतो. चांगल्या हेतूने सांगितलेली खोटी गोष्ट मुलाला मोठेपणी समजते, तेव्हा तो तिच्यासोबत सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेऊ लागतो.

त्याऐवजी एक सोपा पाठ घ्यावा. बुरुजासारखा निमुळता, लांब शंख आणावा. मुलांना त्याच्या लागोपाठच्या वेढ्यांची रुंदी पट्टीने मोजू द्यावी. प्रत्येक रुंदीला तिच्या आधीच्या, म्हणजे टोकाकडील लहान रुंदीने भागावे. उत्तरे जवळजवळ सारखी येतील. मोडक्या शिंपल्याच्या तुकड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. बुडबुडे उठले की तो चुन्याचा आहे हे मुलांना दिसेल. मग एडिंबरोच्या त्या आईविना वाढलेल्या मुलाची गोष्ट सांगावी, आणि मुले जे प्रश्न विचारतील त्यांची खरी उत्तरे द्यावीत.